अक्कलदाढ आणि दहा दिवसांची शिस्त

"डॉक्टर, दाढ काढली तर एनडीएच्या मेडिकलमध्ये मुलगा अनफिट तर होणार नाही ना?"

शाळेच्या एम.आय. रूममध्ये मी आठवड्यातून दोन दिवस कॅडेट्सचे दात तपासते. घर महाराष्ट्रात आणि मूल इतक्या लांब, अशा पालकांना माझ्याशी मराठीत बोलता येते, म्हणून त्यांचे फोन माझ्याकडे येतात. अक्कलदाढ काढावी लागेल असे सांगितले की पहिला प्रश्न बहुधा वरचाच असतो. भूल किती, दुखेल किती, खर्च किती, हे सगळे त्यानंतर. कॅडेट मात्र हा प्रश्न विचारत नाहीत. ते मनातल्या मनात स्वतःच उत्तर ठरवून टाकतात आणि दाढ दुखत असल्याचे लपवतात. म्हणून या लेखात आधी या प्रश्नाचा हिशेब मांडते आणि मग तयारी व नंतरची काळजी सांगते.

गुणांचा हिशेब

सैन्यदलांच्या वैद्यकीय तपासणीत दातांना गुण असतात. त्यांना 'डेंटल पॉइंट' म्हणतात. उमेदवाराला किमान १४ गुण लागतात. गुण एकट्या दाताला मिळत नाहीत, जोडीला मिळतात. म्हणजे वरचा दात आणि त्याच्यासमोरचा खालचा दात एकमेकांवर नीट बसत असले पाहिजेत. पटाशीचे दात, सुळे आणि उपदाढा यांच्या प्रत्येक जोडीला १ गुण. पहिली दाढ आणि दुसरी दाढ यांच्या प्रत्येक जोडीला २ गुण. अक्कलदाढ पूर्ण वाढलेली असेल तर तिच्या जोडीला २, अर्धवट असेल तर १.

आता बेरीज करा. बत्तीसही दात धड असतील तर २२ गुण होतात. चारही अक्कलदाढा काढल्या तरी उरलेल्या २८ दातांचे १८ गुण होतात. बाकीचे दात चांगले असतील तर १४ च्या रेषेपासून तुम्ही अजून चार गुण वर आहात.

याच हिशेबाची दुसरी बाजू फारशी कोणी पाहत नाही. आडवी किंवा तिरकी उगवणारी अक्कलदाढ आपल्या पुढच्या दाढेला, म्हणजे दुसऱ्या दाढेला, टेकून बसते. त्या फटीत अन्न अडकते. ब्रश तिथे पोहोचत नाही. हळूहळू दुसरी दाढ मागच्या बाजूने किडते. ही दाढ म्हणजे २ गुण आणि आयुष्यभराचे चावणे. तेव्हा त्रास देणारी अक्कलदाढ वेळेवर काढणे म्हणजे गुण घालवणे नव्हे, तर गुण राखणे आहे. (निकषांचा तपशील दर वेळच्या अधिसूचनेत छापलेला असतो, अर्ज भरताना तो स्वतः वाचावा.)

ही दाढ त्रास का देते

अक्कलदाढ साधारणपणे वयाच्या १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान उगवते. मूल जाणते होते त्या वयात येणारी दाढ, म्हणून हे नाव. अकलेशी तिचा संबंध एवढाच. एनडीएच्या प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे नेमक्या अभ्यासाच्या, परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या काळातच ती डोके वर काढते.

ती सगळ्यांत शेवटी येते आणि तोवर जबड्यातली जागा बहुतेक संपलेली असते. गाडीच्या डब्यात शेवटी चढणाऱ्या प्रवाशासारखी ती मग मिळेल तिथे, मिळेल तशी बसते : कधी पुढे झुकलेली, कधी साफ आडवी, कधी अर्धी हिरडीखाली. काहींना चारही येतात, काहींना एक-दोन, काहींना मुळीच येत नाहीत. तिन्ही गोष्टी निसर्गात बसणाऱ्याच आहेत.

सर्वाधिक त्रास खालच्या, अर्धवट उगवलेल्या दाढेचा. तिच्यावर हिरडीचा एक पदर राहतो. पदराखाली अन्नाचे कण आणि जंतू साठतात, हिरडी सुजते, आणि वरची दाढ त्या सुजलेल्या हिरडीवरच चावू लागते. तोंड उघडताना दुखते, कानापर्यंत ठणक जाते, तोंडाला वास येतो. हा त्रास दोन-चार दिवसांत बसतो आणि मुलांना वाटते, गेला. पण दाढ तिथेच असते, पदरही तिथेच असतो. दमणूक, जागरण, नीट न घासलेले दात अशी संधी मिळाली की तो परततो.

सगळ्याच अक्कलदाढा काढायच्या नसतात, हेही सांगते. सरळ उगवलेली, स्वच्छ ठेवता येणारी, न दुखणारी दाढ राहू द्यावी. ब्रिटनमध्ये २००० सालापासून अधिकृत मार्गदर्शनच असे आहे की, रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ पुढची भीती म्हणून काढू नये. वारंवार सूज येणे, दाढेला भरता न येण्यासारखी कीड लागणे, पुढच्या दाढेला धोका असणे, किंवा दाढेभोवती पाण्याची गाठ होणे ही काढण्याची खरी कारणे. निर्णय तपासणी आणि एक्स-रे पाहून होतो. मित्राची काढली म्हणून तुमची काढायची नसते.

सहनशक्ती दाखवण्याची ही जागा नव्हे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीतला एक कॅडेट जवळजवळ तीन आठवडे दाढ दुखत असल्याचे कोणालाही न सांगता राहिला. एका बाजूने जेवत होता. डॉर्मिटरीतल्या मित्राकडून गोळी मागून घेत होता. मैदानावर सगळ्यांच्या पुढे. मुलाखतीचे पत्र आले होते आणि आपण एम.आय. रूमच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिले तर ते पुढे कुठेतरी आडवे येईल, असे त्याला वाटत होते. निघायच्या चार दिवस आधी त्याच्या गालाला सूज आली आणि तोंड एका बोटापेक्षा जास्त उघडेना. त्याला रुग्णालयात ठेवून शिरेतून औषधे द्यावी लागली. मुलाखतीची तारीख गेली. मुलगा हुशार होता, पुढच्या खेपेस निवडला गेला. पण सहा महिने गेले ते गेलेच. पहिल्या आठवड्यात आला असता तर दाढेभोवतीची सफाई आणि साध्या औषधांवर ते दुखणे आटोक्यात आले असते आणि दाढ काढायचा दिवस आम्हाला सवडीने ठरवता आला असता.

सैन्यदले दातांकडे इतके बारकाईने का पाहतात, याचा विचार करा. बर्फातल्या चौकीवर दंतवैद्य नसतो. पाणबुडी दाढ दुखते म्हणून बंदराकडे वळवता येत नाही. उंचीवर हवेचा दाब बदलला की किडलेला दात वैमानिकाला अचानक असह्य कळ देऊ शकतो. एका जवानाची सुजलेली दाढ म्हणजे त्याच्या टोळीतला एक माणूस कमी. दुखणे वेळेवर सांगणे हा म्हणूनच शिस्तीचा भाग आहे, नाजूकपणाचा नाही. अक्कलदाढ काढायचा दिवस आपण ठरवावा. तो तिला ठरवू देऊ नये.

दिवस कसा निवडावा

एनडीएची लेखी परीक्षा साधारणपणे एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये असते. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. या तारखांच्या आधीचे तीन आठवडे टाळावेत. मुलाखत किंवा मेडिकल ठरले असेल तर मध्ये किमान एक महिना हवा. हिरडी वरून भरून यायला तीन-चार आठवडे लागतात. आतले हाड भरायला आणखी काही महिने, पण त्याने रोजचे काही अडत नाही.

घरी जाऊन काढायची असेल तर सुटीच्या सुरुवातीला काढा. टाके निघेपर्यंत सात दिवस आणि वर आठवडाभर हाताशी राहतो. सुटीच्या शेवटी दाढ काढून दुसऱ्या रात्री तीस-बत्तीस तासांच्या रेल्वेप्रवासाला निघणे हा सगळ्यांत वाईट बेत. गाडीत रक्त यायला लागले तर करणार काय?

आत्ता सूज असेल तर बहुधा आधी ती उतरवली जाते आणि मग दाढ काढतात. दुखायचे थांबले म्हणून दुसरी भेट चुकवू नका.

एक गोष्ट वयाच्या बाजूने आहे. या वयात दाढेची मुळे पूर्ण तयार झालेली नसतात आणि हाड तुलनेने मऊ असते. म्हणून काढण्याची गरज असेल तर तिशीपेक्षा अठराव्या वर्षी ती सोपी जाते आणि जखमही लवकर भरते.

पालकांसाठी : सही करण्यापूर्वी

१८ वर्षांखालील कॅडेटसाठी पालकांची लेखी संमती लागते. कागद आला म्हणून नुसती सही करू नका. फोन करून विचारा : दाढ का काढायची? पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो काढला आहे का? खालच्या जबड्यातून जाणाऱ्या मज्जातंतूपासून दाढेची मुळे किती लांब आहेत? त्या तंतूला धक्का लागला तर खालचा ओठ, हनुवटी बधिर राहू शकते. बहुतेक वेळा ही बधिरता काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते, क्वचित राहते. हा धोका आधी समजून घेणे हा तुमचा हक्क आहे.

तुमच्याकडूनही आम्हाला माहिती हवी असते. मुलाला पेनिसिलीन किंवा सल्फाची ॲलर्जी आहे का, दमा आहे का, फिट येत होत्या का, लहानपणी हृदयाचा काही आजार होता का, खरचटले तरी रक्त लवकर थांबत नाही असे घरात कोणाला आहे का. मुलांना या गोष्टी पुष्कळदा माहीत नसतात. आईला असतात.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

बहुतेक अक्कलदाढा फक्त त्या जागेला भूल देऊन काढतात. अशा वेळी उपाशी येऊ नका. हलका नाश्ता करून या; रिकाम्या पोटी घाबरलेली मुले चक्कर येऊन पडतात. पूर्ण भूल द्यायची असेल तर नियम उलटा : आधीचे सहा तास काही खायचे नाही, साधे पाणीही शेवटच्या दोन तासांत नाही. आपल्याला कोणती भूल आहे हे विचारून घ्या.

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या. सकाळी दात स्वच्छ घासा. सैल बाह्यांचा कपडा घाला. सोबत हाउसचे कोणीतरी असू द्या. दाढ काढण्याआधी स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, तिने रक्त पातळ होते.

खुर्चीत काय होते तेही सांगते, कारण न माहीत असलेल्या गोष्टीची भीती जास्त. भुलीची सुई टोचताना चिमटा बसतो. पाच-दहा मिनिटांत ओठ जड होतो. दाढ अडकलेली असेल तर हिरडीला छोटा छेद देतात, थोडे हाड बाजूला करतात आणि दाढेचे दोन-तीन तुकडे करून ते एकेक काढतात. दाब जाणवतो, आवाज येतो, जबडा ढकलल्यासारखा वाटतो, दुखत नाही. दुखले तर हात वर करा, भूल वाढवता येते. मग दोन-तीन टाके घालतात. सगळे मिळून साधारण अर्धा ते पाऊण तास.

पहिले चोवीस तास : गुठळी सांभाळा

दाढ निघाल्यावर तिच्या खळग्यात रक्ताची गुठळी बसते. पुढचे सगळे नियम या एका गुठळीसाठी आहेत. ती खालच्या हाडावरचे झाकण आहे. ती टिकली तर जखम शांतपणे भरते. ती निघाली तर हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. म्हणून :

गॉजची घडी अर्धा-पाऊण तास दाबून धरा. दर पाच मिनिटांनी काढून पाहू नका. थुंकू नका, लाळ गिळा. चोवीस तास चूळ भरू नका. स्ट्रॉ वापरू नका; ओढून पिताना तोंडात जो खेच बसतो त्याने गुठळी सुटते. सिगारेट आणि तंबाखू यांचेही तेच, आणि त्यांत विषाची भर. जीभ आणि बोट तिकडे नेऊ नका.

बर्फ रुमालात गुंडाळून गालाला बाहेरून पंधरा मिनिटे लावा, पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा लावा. बर्फाचा उपयोग पहिल्या दिवशी. नंतर तो फारसा नाही. रात्री दोन उशा घेऊन डोके उंच ठेवा. वेदनाशामक गोळी भूल पूर्ण उतरण्याआधी, थोडे खाऊन, लिहून दिल्याप्रमाणे घ्या. मित्राची गोळी घेऊ नका. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत औषध एकच असू शकते. ओठ बधिर असेपर्यंत गरम काही नको, ओठ चावला किंवा भाजला तरी कळत नाही.

लाळ दिवसभर गुलाबी दिसेल. ते ठीक आहे. तोंड रक्ताने भरत असेल तर ताठ बसा, ओली केलेली स्वच्छ घडी अर्धा तास घट्ट चावून धरा. तरी थांबले नाही तर लगेच एम.आय. रूम. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

दुसरा ते दहावा दिवस

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर आणि झोपताना तोंड धुवा. खळखळून चूळ नको. पाणी तोंडात हलकेच फिरवा आणि तोंड उघडून बेसिनमध्ये पडू द्या. बाकीचे दात नेहमीप्रमाणे मऊ ब्रशने घासा, जखमेपाशी जपून.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. आरशात पाहून घाबरू नका आणि फोटो काढून आईला पाठवू नका. ती रात्रभर झोपत नाही. चौथ्या दिवसापासून सूज उतरू लागते. गालावर किंवा जबड्याखाली पिवळसर-निळा डाग दिसला तर तो मार लागल्यासारखा आपोआप जातो. तोंड आठवडाभर कमी उघडते. तिसऱ्या दिवसानंतर दिवसातून काही वेळा, दुखणार नाही इतपत, ते हळूहळू उघडायचा सराव करा. टाके विरघळणारे नसतील तर साधारण सातव्या दिवशी काढतात. अँटिबायोटिक दिले असेल तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. दिले नसेल तर मागू नका, प्रत्येकाला ते लागत नाही.

मेसमध्ये काय खावे

पहिल्या दिवशी थंड किंवा कोमट : दूध, दही, लस्सी, कुस्करलेले केळे, नाचणीचे निवलेले सत्त्व, साधे आइस्क्रीम. दुसऱ्या दिवसापासून वरण-मऊ भात, मुगाची खिचडी, दलिया, मऊ अंडे, सांबारात भिजलेली इडली. दुसऱ्या बाजूने चावा. चार-पाच दिवसांनी पोळी वरणात कुस्करून. भाकरी, राजमा, छोले आठवडाभर थांबू द्या. राजम्याची सालपटे खळग्यात जाऊन बसतात. भरपूर पाणी प्या. घामाच्या दिवसांत चक्कर येण्याचे कारण बहुधा दाढ नसते, पोटात काही न जाणे असते.

पालकहो, तुमच्या पार्सलविषयी एक विनंती. चकली, कडक लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, तिळगूळ हे त्या महिन्यात पाठवू नका. शेंगदाण्याचा तुकडा आणि तीळ नेमके जखमेत शोधून बसतात. त्याऐवजी नाचणीचे किंवा गव्हाचे सत्त्व पाठवा.

पीटी, परेड आणि बिगुल

पहिले तीन दिवस पूर्ण विश्रांती. सातव्या दिवसापर्यंत वर्ग चालू, पण पीटी, परेड, धावणे, पुशअप आणि जड उचलणे बंद. धावताना रक्तदाब वाढतो आणि थांबलेले रक्त पुन्हा सुरू होऊ शकते. डोके खाली जाणारे सगळे प्रकार, फ्रंट रोलसुद्धा, याच यादीत. पोहणे टाके निघेपर्यंत नाही. परेडवर वर्ड ऑफ कमांड देणाऱ्यांना तोंड पूर्ण उघडेपर्यंत बदली द्यावा.

बँडमधल्या मुलांसाठी वेगळी सूचना. बिगुल, ट्रम्पेट आणि बासरी किमान दोन आठवडे बंद. फुंकताना तोंडात जो दाब तयार होतो तो टाक्यांवर येतो. वरची अक्कलदाढ काढली असेल तर हे अधिक पाळायचे, कारण तिची मुळे गालाच्या हाडातल्या सायनसच्या पोकळीला लागून असतात. अशा कॅडेटने नाक जोरात शिंकरू नये आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी.

बॉक्सिंग आणि धक्काबुक्कीचे खेळ चार ते सहा आठवडे नाहीत. अडकलेली खालची दाढ काढताना तिथले थोडे हाड जाते. ते भरेपर्यंत जबड्याचा तो कोपरा कमजोर असतो आणि एका ठोशाने मोडू शकतो. परवानगी तपासणीनंतरच.

केव्हा लगेच यायचे

दाब देऊनही न थांबणारे रक्त. तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढणारी कळ आणि तोंडाला घाण वास. हे ड्राय सॉकेट असू शकते, खळगा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की आराम पडतो. ताप. चौथ्या दिवसानंतर वाढणारी सूज. दुसऱ्या दिवशीही न उतरलेली ओठाची किंवा जिभेची बधिरता. अंगावर पुरळ. आणि सर्वांत महत्त्वाचे : गिळायला त्रास, जिभेखाली किंवा हनुवटीखाली घट्ट सूज, श्वास अडकल्यासारखे वाटणे. या शेवटच्या तीन गोष्टींत सकाळची वाट पाहायची नाही. मेट्रनला उठवायचे आणि थेट रुग्णालयात जायचे.

काही समजुती

वरची दाढ काढली की नजर कमी होते, असे अजूनही घराघरांत सांगतात. वैमानिक व्हायचे आहे म्हणून दाढ काढायला नकार देणारे कॅडेट मी पाहिले आहेत. डोळ्यांनी दिसते ते दृष्टीच्या तंतूमुळे. दातांच्या संवेदना नेणारा तंतू वेगळा. दाढ काढल्याने नजर जात नाही.

दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरल्याने हिरडी भाजते. लवंग दाताखाली धरल्याने थोडा वेळ बधिर वाटते, कारण लवंगेच्या तेलात तो गुण आहे. पण पदराखालचा जंतू तिथेच राहतो. लवंग एम.आय. रूमपर्यंत यायला मदत करील, उपचार करणार नाही.

प्रशिक्षक आणि सीनिअर कॅडेट्सना

दाढ काढलेला मुलगा पाचव्या दिवशी बाहेरून ठणठणीत दिसतो. सूज उतरलेली, चालणे-बोलणे नेहमीचे. नेमक्या याच दिवशी "एवढ्या दाताचे काय घेऊन बसलास" म्हणून त्याला मैदानात ओढले जाते, किंवा तो स्वतःच चिट खिशात ठेवून फॉल-इनमध्ये उभा राहतो. त्याच्या हातातली एक्सक्यूज चिट ही सवलत नाही, हुकूम आहे. तो पाळायला लावणे तुमचे काम. या दहा दिवसांत त्याला रगडा नको, चिडवणे नको, आणि मेसमध्ये त्याच्या ताटात मऊ भात येतो की नाही हे पाहणारा एक सीनिअर मात्र हवा.

आणि कॅडेट मुलामुलींनो, आज रात्री दात घासताना शेवटच्या दाढेच्या मागे ब्रश नेऊन पाहा. तिथे टोचत असेल, रक्त येत असेल, हिरडीचा पदर जाणवत असेल, तर उद्या रजिस्टरमध्ये नाव लिहा. दाढ अजून दुखत नाही, म्हणूनच उद्या या.